महागडी दुर्बीण, तरीही पक्षी पुसट : मराठवाड्यातल्या पक्षिनिरीक्षकांसाठी समस्या निवारण

दीड-दोन लाख रुपये, काही वेळा त्याहूनही अधिक मोजून घेतलेल्या दुर्बिणीबाबत आपल्या भागातल्या पक्षिनिरीक्षकांकडून एकच तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते. दुर्बीण हातात आली त्या दिवशी चित्र लख्ख होते; पुढे मात्र कधी ते तसेच लख्ख दिसते, तर कधी पक्ष्याच्या कडा पुसट होतात, फोकसचे चाक कितीही मागेपुढे फिरवले तरी समाधान होत नाही आणि अर्ध्या तासात डोळे जड होतात. दुकानात नेऊन दाखवावी, तर तिथे ती अगदी व्यवस्थित चालते. मग कोणी आठऐवजी दहा किंवा बारा वर्धनाची, म्हणजे वस्तू तितक्या पटीने मोठी दाखवणारी, दुर्बीण घेण्याच्या गोष्टी करू लागतो, तर कोणी आपण फसलो असे समजून ती कपाटात ठेवून देतो.

ही तक्रार मिटत नाही, कारण पुसटपणा हे लक्षण एकच असले तरी त्यामागची कारणे पाच-सहा आहेत आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. शिवाय यातली बहुतेक कारणे दुर्बिणीच्या नळ्यांबाहेर असतात : हवेत, चष्म्यात, डोळ्यांत किंवा धरण्याच्या पद्धतीत. त्यामुळे दुर्बीण बदलून ती जात नाहीत. पुसटपणा दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, किती अंतरावरच्या वस्तूत येतो आणि एका डोळ्याला येतो की दोन्ही डोळ्यांना, या तीन गोष्टी आधी नीट पाहिल्या, तर निम्मे निदान घरबसल्या होते.

सकाळी स्पष्ट, दहानंतर पुसट

मराठवाड्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण हवा हेच आहे. जमीन तापली की तिला लागून असलेला हवेचा थर गरम आणि विरळ होतो, त्यावरचा थर तुलनेने थंड आणि दाट राहतो, आणि हे थर सतत एकमेकांत मिसळत असल्यामुळे पक्ष्याकडून येणारा प्रकाशकिरण वाटेत क्षणाक्षणाला थोडाथोडा वाकतो. नुसत्या डोळ्यांना हे फारसे जाणवत नाही. दुर्बीण मात्र पक्ष्याबरोबर ही थरथरही तितक्याच पटीने मोठी करून दाखवते. आठ वर्धनाच्या दुर्बिणीत जी थरथर सहन होते, ती दहाच्या दुर्बिणीत अधिक ठळक होते आणि वीस-तीस वर्धनाच्या स्पॉटिंग स्कोपमध्ये (तिकाटण्यावर लावायच्या एकनळी दुर्बिणीत) तर कधीकधी पक्ष्याची जात ओळखणेही अशक्य करते. काच कितीही उंची असली तरी तिच्या पुढच्या हवेवर तिचा काही अधिकार चालत नाही.

नाथसागरावर हा त्रास विशेष होतो. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय विस्तीर्ण आणि बराचसा उथळ आहे. १९८६ साली त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला तो या उथळ, दलदलीच्या काठांवर जमणाऱ्या पाणपक्ष्यांमुळेच. परंतु हिवाळा सरत आला आणि पाणी ओसरू लागले की काठ आत सरकत जातो, पक्षी त्याच्याबरोबर लांब जातात, आणि आपण उभे असतो तिथपासून त्यांच्यापर्यंत उघडी पडलेली, उन्हाने तडकलेली गाळाची जमीन पसरते. आपली नजर नेमकी त्या तापलेल्या जमिनीला घासून जाते. फेब्रुवारीतल्या एखाद्या दिवशी सकाळी आठला ज्या रोहित पक्ष्यांच्या चोचीचे काळे टोक वेगळे ओळखू येत होते, त्यांचेच पाय अकराच्या सुमारास पाण्यापासून सुटून हवेत डोलताना दिसतात, आणि शेजारच्या चक्रवाकाचा बदामी-नारिंगी रंग कडा नसलेला डाग होऊन उरतो. त्या वेळी छोट्या टिलव्याचे काळे पाय आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर पाय यांत फरक करायला जाणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. अशा नोंदी मी तरी वहीत "टिलवा, जात अनिश्चित" अशाच लिहितो.

कारण हवेचे आहे की दुर्बिणीचे, हे तपासायला एक मिनिट पुरते. दूरचा पक्षी पुसट दिसत असतानाच दुर्बीण तीस-चाळीस मीटरवरच्या बाभळीकडे वळवावी, शक्य तर सावलीतल्या खोडाकडे. सालीच्या भेगा आणि काट्यांची टोके स्वच्छ दिसली, तर दुर्बिणीत काही दोष नाही. दुसरी खूण म्हणजे हवेमुळे आलेला पुसटपणा स्थिर नसतो. कडा लाटांसारख्या सरकतात, एखादा क्षण चित्र अचानक नितळ होते आणि पुन्हा विस्कटते. चुकलेला फोकस किंवा बिघडलेली काच असे हलत नाही.

यावर उपाय वेळेचा आणि जागेचा आहे. जलाशयावरचे दूरचे निरीक्षण हिवाळ्यात साधारण दहापर्यंत आणि मार्चनंतर त्याच्याही आधी आटोपावे. पारा चाळीसच्या पुढे जातो त्या दिवसांत तर सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सोडले, तर लांब अंतरावर डोळे शिणवण्यात अर्थ नाही. शक्य असेल तिथे बांधावर किंवा टेकाडावर उभे राहावे, म्हणजे नजर जमिनीलगतच्या सर्वांत तापलेल्या थरातून जात नाही. नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानावरून किंवा डांबरी रस्त्यावरून पलीकडे पाहणे टाळावे. काळी जमीन ऊन शोषून लवकर तापते. ढगाळ दिवस अशा कामासाठी उत्तम. मोटारीतून निरीक्षण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एसी चालू असताना काच खाली घेतली, तर खिडकीतच थंड आणि गरम हवेची घुसळण सुरू होते, आणि बॉनेटच्या वरून पाहिले तर तापलेल्या इंजिनाची हवा मध्ये येते. इंजिन व एसी बंद करून काही मिनिटे थांबले की हा त्रास जातो. दुर्बिणीच्या नावाने बोटे मोडण्याआधी एवढे तरी करून पाहावे.

हवेच्या थरथरीशी गल्लत होते ती हाताच्या थरथरीची. दहा वर्धनाची दुर्बीण हाताचा कंपही दहापट करते, आणि तो इतका बारीक असू शकतो की तो कंप न वाटता नुसता पुसटपणा वाटतो. दुर्बीण मोटारीच्या दारावर, कुंपणाच्या खांबावर किंवा मोनोपॉडवर (एकपायी टेकूवर) टेकवून त्याच पक्ष्याकडे पाहावे. पिसांचा तपशील एकदम उमटला, तर दोष हाताचा आहे असे समजावे. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून, पाय थोडे फाकवून आणि टोपीची कड बोटांनी दुर्बिणीबरोबरच धरून पाहिल्यास हा कंप बराच कमी होतो. पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे असलेल्या महागड्या दुर्बिणी पाऊण किलोपासून साडेआठशे ग्रॅमपर्यंत भरतात, त्यामुळे तासाभरानंतर हात थकणे स्वाभाविक आहे. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवर भार घेणारा हार्नेस वापरावा.

एक डोळा स्पष्ट, दुसरा नाही

पुसटपणा दिवसभर सारखाच असेल, जवळ-दूर दोन्हीकडे असेल आणि विशेषतः डोळे दुखत असतील, तर डायॉप्टर तपासावा. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर क्वचितच अगदी सारखा असतो. तो फरक भरून काढण्यासाठी एका नळीला, बहुधा उजव्या, स्वतंत्र फोकस दिलेला असतो, तोच डायॉप्टर. काही दुर्बिणींत तो आयपीसजवळच्या (डोळ्याला लावायच्या भिंगाजवळच्या) कड्यात असतो, तर काहींत मधले चाक वर ओढून लावावा लागतो. हे समायोजन एकदा आपल्या डोळ्यांना जुळले की पुढे फक्त मधले चाक फिरवायचे असते. ते न जुळवता वर्षानुवर्षे दुर्बीण वापरणारे लोक आहेत. त्यांचा एक डोळा नेहमी किंचित मागे राहतो, मेंदू दोन असमान चित्रे जुळवण्यात दमतो आणि संध्याकाळी डोके दुखते.

जुळवण्याची पद्धत सोपी आहे, पण घाईने करण्याची नाही. बारीक आणि ठळक तपशील असलेली स्थिर वस्तू निवडावी. विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक किंवा पन्नास-साठ मीटरवर उभ्या असलेल्या एसटीची पाटी यासाठी छान. उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर झाकण लावावे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्या नळीचे चित्र मधल्या चाकाने स्पष्ट करावे. एक डोळा मिटून हे करू नये, कारण मिटताना दुसऱ्या डोळ्याभोवतीचे स्नायूही आवळले जातात आणि नजर किंचित बदलते. आता झाकण डाव्या नळीवर लावावे आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता, त्याच वस्तूकडे त्याच अंतरावरून पाहत, केवळ डायॉप्टर फिरवून उजवे चित्र स्पष्ट करावे. ही क्रिया थोड्या थोड्या विश्रांतीने तीन-चार वेळा करून प्रत्येक वेळचा आकडा पाहावा. तो थोडा इकडेतिकडे होईल, त्यातला मधला घ्यावा. शून्याची खूण ही कारखान्याची आहे, आपल्या डोळ्यांची नव्हे, म्हणून कड्याचा काटा शून्यावर नसला तर काहीतरी बिघडले असे मानू नये.

हा त्रास परत परत येण्याचे कारण बहुधा सहलीत असते. नायगावच्या मयूर अभयारण्यात किंवा सलीम अली सरोवराच्या काठी गट जमला की "काका, जरा बघू का?" म्हणत दुर्बीण चार हातांतून फिरते. कोणीतरी मनापासून, आपल्या डोळ्यांसाठी, डायॉप्टरही फिरवून टाकतो, आणि दुर्बीण परत येते तेव्हा मालकाला चित्र बिघडलेले दिसते. कड्याला कुलूप असेल तर ते लावावे. नसेल तर आपला आकडा पट्ट्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. मुलांना दुर्बीण द्यायला नाही म्हणू नये, आकडा लिहून ठेवला की तो परत लावायला दहा सेकंद लागतात.

डायॉप्टर नीट लावूनही एक बाजू पुसटच राहिली, तर दोष नळीत आहे की डोळ्यात, हे वेगळे करावे लागते. आपला जो डोळा चांगला आहे, त्या एकाच डोळ्याने आधी डाव्या आणि मग उजव्या नळीतून पाहावे आणि प्रत्येक वेळी मधले चाक फिरवून चित्र शक्य तितके स्पष्ट करावे. दोन्ही नळ्या सारख्याच स्पष्ट दिसल्या तर दुर्बीण निर्दोष आहे, आणि दुर्बिणीच्या कंपनीऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आली आहे. सुरुवातीचा मोतीबिंदू अनेकदा असाच लक्षात येतो : उन्हाच्या दिशेने पाहिले की चित्रावर दुधी पडदा आल्यासारखा वाटतो. मधुमेह असणाऱ्यांच्या रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि चष्म्याचा नंबरही काही काळ बदलतो. त्यामुळे एका आठवड्यात लख्ख आणि पुढच्या आठवड्यात पुसट, असा अनुभव आला तर तो दुर्बिणीवर ढकलण्याआधी साखर तपासून घ्यावी.

काळ्या सावल्या, आयकप आणि चष्मा

चित्राच्या कडेने काळ्या, वाकड्या सावल्या सरकत असतील, किंवा डोळा जरा हलला की अर्धे चित्रच नाहीसे होत असेल, तर डोळा आयपीसपासून योग्य अंतरावर नाही किंवा मध्यावर नाही. आयपीसच्या मागे ज्या अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावणाऱ्याचा डोळा चष्म्याच्या काचेमुळे आधीच मागे असतो, म्हणून त्याने आयकप (आयपीसभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कडा) पूर्ण खाली करावेत आणि मुळात पंधरा मिलिमीटरहून कमी आय रिलीफ असलेली दुर्बीण घेऊच नये. सतरा-अठरा असेल तर उत्तम. चष्मा नसणाऱ्याने आयकप वर काढावेत. या दोहोंच्या मध्येही टप्पे असतात आणि नाकाची ठेवण, भुवयांची उंची यांप्रमाणे एखादा टप्पा कमी-जास्त करून पाहावा लागतो. त्यानंतर मधली बिजागरी उघडझाप करून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ होईपर्यंत नळ्यांमधले अंतर जुळवावे. बहुतेक दुर्बिणींत हे अंतर साधारण छप्पन्न ते चौऱ्याहत्तर मिलिमीटरपर्यंत ठेवता येते. अरुंद चेहऱ्याच्या व्यक्तींनी आणि मुलांसाठी घेणाऱ्यांनी खालचा आकडा आधी पाहावा.

पन्नाशी उलटलेल्या निरीक्षकांमध्ये एक वेगळाच प्रकार आढळतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या काचेचा वरचा भाग लांबच्या नजरेचा आणि खालचा भाग वाचनाचा असतो. उंच लिंबाच्या शेंड्यावर बसलेल्या कापशी घारीकडे पाहताना मान मागे गेली आणि दुर्बीण चष्म्यावर थोडी खाली टेकली, की आपण नकळत वाचनाच्या नंबरातून आकाशाकडे पाहू लागतो. मधल्या चाकाने यातला काही भाग सावरला जातो, पण दोन्ही डोळे काचेच्या त्याच पट्ट्यातून पाहत असतील याची खात्री नसते. परिणामी समोरच्या पाण्यावरची तुतवार स्पष्ट, झाडावरचा पक्षी पुसट, अशी विचित्र तक्रार येते. अशांनी पक्षिनिरीक्षणासाठी फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा करून घ्यावा. दुर्बिणीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. केवळ जवळचा-लांबचा नंबर असेल, तर चष्मा काढून, आयकप वर करून पाहिले तरी चालते. चष्म्याच्या नंबरात तिरपा म्हणजे सिलिंड्रिकल भाग मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो, कारण तो दोष दुर्बिणीच्या चाकाने भरून निघत नाही.

इथे दुर्बिणीवरच्या आकड्यांचाही संबंध येतो : पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो : ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४ आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३.१. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने दुपारी या चौघींत मोठा फरक पडत नाही. पण ५.२५ च्या वर्तुळात लहान बाहुली इकडेतिकडे सरकली तरी ती प्रकाशातच राहते, तर ३.१ च्या वर्तुळात जरा हलली की सावली येते. चालत्या जीपमध्ये, वाऱ्यात किंवा घाईत ८×४२ डोळ्याला सोपी वाटते ती यामुळे.

काचेवरची धूळ आणि आतले धुके

सूर्याच्या दिशेला पाहताना सगळे चित्र फिके, धुरकट होत असेल आणि सूर्य पाठीशी घेतला की ते पुन्हा गडद होत असेल, तर काचेवर पापण्यांचे तेल, घाम किंवा धूळ बसली आहे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असते. रब्बीच्या दिवसांत शाळूच्या रानात भोरड्यांचे थवे पाहत दोन तास हिंडलेल्या दुर्बिणीच्या आयपीसवर बोट फिरवले तर ते करडे होते. खरा धोका ही धूळ पुसताना असतो. काचेवरचा परावर्तन-रोधक लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीच्या थरांचा बनलेला असतो, आणि उपरण्याने, ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने कोरडे घासले की धुळीतले कण त्यावर बारीक ओरखडे काढतात. आधी रबरी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रशने कडेची धूळ काढावी, आणि त्यानंतरच लेन्सच्या द्रवाचा थेंब कापडावर, काचेवर नव्हे, घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने पुसावे. दुर्बीण जलरोधक असेल आणि कंपनीची तशी सूचना असेल, तर धुळीने माखलेली काच संथ धारेखाली धुणे हे कोरडे घासण्यापेक्षा पुष्कळ बरे.

पावसाळ्यात गौताळ्याच्या किंवा येडशीच्या रानात एसी मोटारीतून उतरल्याबरोबर काचेवर धुके चढते, ते बाहेरचे असते आणि दुर्बीण बाहेरच्या तापमानाला आली की आपोआप जाते. ते पुसत बसू नये. धुके काचेच्या आतल्या बाजूला असेल आणि पुसूनही जात नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. चांगल्या दुर्बिणींत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरून सगळे सांधे सीलबंद केलेले असतात; आत धुके दिसले म्हणजे सील गेले. हे काम कंपनीच्या सेवा केंद्राचेच आहे. ओलसर कपाटात, विशेषतः चामडी पेटीत, महिनोन्महिने ठेवलेल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते आणि ती खोलवर गेली तर लेप खाऊन टाकते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुर्बीण हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. निळे जेल गुलाबी झाले की गरम करून वाळवावे. उन्हाळ्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नये, एवढे सांगितले तरी पुरे.

एकाचे दोन दिसणे

दोन्ही नळ्या वेगवेगळ्या पाहिल्या तर स्पष्ट, पण एकत्र पाहिले की चित्र दुहेरी किंवा डोळे ओढल्यासारखे वाटत असतील, तर नळ्यांची समांतरता बिघडली आहे. दुर्बीण पडणे हे उघड कारण. पण मोटारसायकलच्या डिकीत नुसती टाकून खडकाळ रस्त्याने नेल्यानेही प्रिझम जागेवरून किंचित सरकू शकते, आणि किमतीमुळे यातून कोणाची सुटका होत नाही. तपासण्यासाठी दूरवरची विजेची आडवी तार पाहावी. तार नीट दिसत असताना दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू चार-पाच इंच मागे न्यावी आणि दोन वर्तुळांतली तार एकाच पातळीत राहते का, हे पाहावे. आडव्या दिशेतला थोडा फरक डोळे सांभाळून घेतात. वर-खाली झालेला फरक मात्र ते फार कमी सहन करतात आणि डोकेदुखी त्यातूनच येते.

अशी दुर्बीण गावातल्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे उघडून घेऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. एकदा स्क्रू सैल झाला की नायट्रोजन जातो, हमी जाते आणि दोन्ही नळ्या समांतर करण्यासाठी लागणारे यंत्र त्याच्याकडे नसते. अधिकृत केंद्राकडे पाठवताना सोबत स्वच्छ कागदावर लिहावे : दोष कोणत्या नळीत, कोणत्या अंतरावर, चष्म्यासह की चष्म्याशिवाय, एका डोळ्याने दिसतो की दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावरच, आणि दुर्बीण पडली होती का. "नीट दिसत नाही" एवढेच लिहून पाठवलेली दुर्बीण बहुधा पुसून, दोष आढळला नाही असा शेरा घेऊन परत येते.

नवी घ्यायची असेल तर

वरच्या तपासण्या झाल्यावरही नवी दुर्बीण घेण्याची इच्छा उरत असेल, तर पहिला निर्णय वर्धनाचा आहे. नाथसागर, विष्णुपुरी, येलदरी अशा मोकळ्या पाण्यावर फिरणाऱ्यांना दहा वर्धनाचा मोह होतो, आणि सूर्योदयाला पोचणाऱ्या, हात स्थिर असणाऱ्या माणसाला तो फळतोही. ज्यांचे निरीक्षण रविवारी नाश्ता करून निघाल्यावर सुरू होते, त्यांनी आठच घ्यावे. वर्धन कमी असले की दृष्टिक्षेत्र मोठे मिळते, आणि उडता पक्षी सापडायला ते लागते : स्वारोव्हस्की कंपनीच्या एनएल प्युअर दुर्बिणींत हजार मीटरवर ८×४२ ला १५९ मीटर, तर १०×४२ ला १३३ मीटर रुंदी दिसते; झाइसच्या व्हिक्टरी एसएफमध्ये हेच आकडे १४८ आणि १२० आहेत. माळावर कळपाने उडणाऱ्या पाकोर्ड्या किंवा शेतावरून खालून जाणारा भोवत्या पकडताना हा फरक हाताला जाणवतो.

उंची दुर्बिणीत जादा पैसे कशासाठी मोजायचे, हेही आधी ठरवावे. दुपारच्या उन्हात, चित्राच्या मध्यभागी, तीस-चाळीस हजारांची चांगली दुर्बीण दोन लाखांच्या दुर्बिणीच्या बरीच जवळ येते. सरळ नळीच्या दुर्बिणींना लागणारा फेज लेप (चित्र अधिक स्पष्ट करणारा प्रिझमवरचा थर) झाइसने १९८८ मध्ये आणला, तेव्हा तो श्रीमंती होती. आज तो मध्यम किमतीतही मिळतो. फरक पडतो तो सूर्याच्या दिशेने पाहताना, दिवस मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात, चित्राच्या कडांना आणि रंगांच्या झालरीत. पांढऱ्या आकाशापुढे वाळक्या फांदीवर बसलेल्या पाणकावळ्याकडे पाहावे : स्वस्त काचेत त्याच्या काळ्या कडेला जांभळी आणि हिरवी रेघ दिसते, चांगल्या ईडी काचेत (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेत) ती जवळजवळ नसते. वयाबरोबर बाहुली अंधारातही कमी उघडते, म्हणून साठीच्या पुढच्या माणसाला संध्याकाळी ४२ आणि ३२ मिलिमीटरमधला फरक तरुणाइतका जाणवत नाही. त्याने हलकी ८×३२ घेऊन मान वाचवली तर मला ते शहाणपणाचे वाटते.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निर्णय करू नये. दाराबाहेर येऊन, उन्हाविरुद्धची गच्चीची कड, दूरची आडवी तार आणि पाटीवरची बारीक अक्षरे, अशा क्रमाने पाहावे, आणि स्वतःचा नेहमीचा चष्मा लावून पाहावे. चालत्या थव्यामागे दुर्बीण सावकाश फिरवताना काहींना चित्र गोळ्यावरून घरंगळल्यासारखे वाटते. कडेपर्यंत सपाट चित्र देणाऱ्या काही दुर्बिणींत हे अधिक होते आणि कोणाला ते बाधते, कोणाला अजिबात नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या मतावर विसंबू नये. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी डायॉप्टर, तार आणि बाभळीच्या खोडाची तपासणी उरकून घ्यावी, आणि अनुक्रमांक, तसेच हमीपत्र भारतात चालते का हे, विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नाथसागराच्या मधोमध बसलेल्या पट्टकादंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजणे एवढाच हेतू असेल, तर ते पैसे दुर्बिणीत न घालता ट्रायपॉडसह स्पॉटिंग स्कोपमध्ये घालावेत, आणि गजर पहाटे पाचचा लावावा.